बाबांचा डर्बीचा इतिहास

बाबांनी आयुष्यात घोड्यावर एक रुपया लावला नाही. मुंबईची डर्बी तर डोळ्यांनी कधी पाहिलीही नाही. पण पुण्यात रेसकोर्सजवळ वाढलेला हा माणूस दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये बसून तिचा इतिहास लिहीत होता. लायब्ररीतले जुने पेपर चाळून संस्थानिकांचे घोडे, मग गिरणीमालकांचे, गोरे जॉकी जाऊन आपले कधी आले, सगळं. "फक्त चार वर्षांच्या घोड्यांची शर्यत, बरं का. जन्म कधीचाही असो, सगळ्यांचं वय एक जानेवारीला वाढतं. आणि संधी जन्मात एकदाच!" आई म्हणायची, "झालं, सुटले घोडे!"

रिटायर व्हायच्या वर्षी त्यांनी तो लेख मुंबईच्या एका दिवाळी अंकासाठी माझ्या हाती दिला. नोएडात तेव्हा नवनव्या कंपन्या निघत होत्या. त्यातल्या एकीत मी नुकतीच लागले होते, आणि पगारापेक्षा मिजास जास्त. "पोस्टाच्या रांगेत कशाला उभे राहता बाबा? ऑफिसातून कुरिअर करते की!" पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं आणि साफ विसरले. आठवड्याने त्यांनी विचारलं, "पाठवलंस ना?" मी म्हटलं, "बिल्कुल! कधीच पोचलं असेल." मुदत टळून गेल्यावर पाकीट हाताला लागलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. भित्री मेली मी!

अंक आला. बाबांनी अनुक्रमणिका दोनदा पाहिली, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. मला वाटलं, आता संपादकाचा उद्धार होणार. पण ते म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे गं. तीस वर्षं दिल्लीत राहून माझं मराठी बिघडलंय. वाक्यं हिंदी वळणाची होतात." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कच्च्या वहीवरून सगळा लेख पुन्हा लिहायला घेतला. चार-पाच पानं झाली की माझ्यापुढे ठेवायचे. "हिंदी कुठे डोकावतंय ते बघ. माझी भीडभाड ठेवू नकोस." आणि मी लाल पेन घेऊन बसायचे, चांगल्याभल्या वाक्यांखाली रेघा ओढायचे. कारण काहीच चुकलेलं नाही म्हटलं असतं, तर त्यांनी विचारलं असतं, मग छापलं का नाही?