मे फ्लॉवर आणि रिव्हॉल्व्हर

धुळ्यात बातमीदार होतो तेव्हा मी कापसाच्या एका व्यापाऱ्याच्या घरी भाड्याने राहत असे. घरमालकांना सगळी गल्ली नाना म्हणे, त्यांच्या पत्नीला अक्का. बैठकीत अक्कांच्या पाचोऱ्याच्या भावाचा मोठा फोटो टांगलेला होता. हातात बंदूक, पाय मेलेल्या रानडुकरावर. नाना रोज त्या डुकराकडे बघत चहा घेत.

हंगामात रोकड घेऊन फिरावे लागते, या कारणावर नानांना रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळाला. जळगावच्या दुकानात पैसे भरून झाले. खरे कारण मात्र भिंतीवर होते. मेव्हण्याच्या शेजारी आपलाही फोटो लागावा, एवढीच नानांची इच्छा. नाना मुंगीलाही ओलांडून जात, त्यामुळे डुकराची अडचण होती. त्यावर त्यांनी तोडगा काढला. डुकराच्या जागी मे फ्लॉवर ठेवायचे.

मे फ्लॉवरचा कांदा वर्षभर कुंडीत निजून असतो. मे महिन्यात दांडा वर येतो आणि त्यावर लाल चेंडूसारखे फूल उमलते. ते आठवडाभर टिकते, धुळ्याच्या उन्हात तेवढेही नाही. त्या वर्षी नानांच्या दोन्ही कुंड्यांत फुले आली. रिव्हॉल्व्हर आले नाही.

नाना एसटीने जळगावला गेले. "परवा या," दुकानदार म्हणाला. नाना परवा गेले. दुकानदार पुन्हा तेच म्हणाला. इकडे कुंड्या माठाजवळच्या सावलीत हलवल्या गेल्या, भोवती ओले गोणपाट लागले. फुलाजवळ शिंकू नये, अशी पाहुण्यांना ताकीद होती.

"तुम्ही पेपरवाले बातमी ताजी कशी ठेवता?" नानांनी मला गंभीरपणे विचारले.

"ठेवत नाही, नाना. दुसऱ्या दिवशी तिच्यात भजी बांधतात."

अक्का घरात खान्देशीच बोलत. "फूल काय तुमनी बंदूकनी वाट दखी?" त्या म्हणाल्या. रिव्हॉल्व्हरसाठी शिवून घेतलेले चामडी पाकीट कमरेला लावून नाना कुंड्यांभोवती फिरत राहिले. पाकीट रिकामेच होते.

एका सकाळी एक फूल मान टाकून पडलेले दिसले. दुसऱ्याच्या एका बाजूला तपकिरी झाक आली होती. नानांनी तातडीने फोटोग्राफर बोलावला. खुर्ची मांडली गेली, चांगली बाजू पुढे करून कुंडी पायाशी ठेवली गेली. फोटोग्राफरने काळ्या कापडातून डोके बाहेर काढले.

"नाना, पाकीट चपटं दिसतंय. आत काहीतरी घाला."

अक्का मागच्या अंगणातून खुरपी घेऊन आल्या आणि त्यांनी ती पाकिटात खोचली. पाते आत गेले, लाकडी मूठ तेवढी बाहेर राहिली.

"हाई बी हत्यारच शे," अक्का म्हणाल्या.

फोटो उत्तम आला. तो डुकराशेजारी लागला. फुलाच्या पाकळ्या झडून कुंडीत नुसती पाने उरली, तेव्हा रिव्हॉल्व्हर आले.

पुढे पाचोऱ्याचे मेव्हणे आले. नव्या फोटोसमोर ते बराच वेळ उभे राहिले. नाना त्यांच्या पाठीकडे बघत राहिले.

"पाव्हणा, मूठ नामी शे," मेव्हणे अखेर म्हणाले. "लाकूड कोनतं?"

"सागवानी," नाना म्हणाले. ते खरे होते.

"दखाडा बरं."

नानांनी कपाटातून नवे रिव्हॉल्व्हर आणले. मेव्हण्यांनी ते उलटेपालटे करून पाहिले, मग फोटोकडे पाहिले, मग पुन्हा हातातल्याकडे. मूठ काळी आणि आखूड होती.

"हाई नई. ते फोटोमधलं दखाडा. ते भारी शे."

नानांनी रिव्हॉल्व्हर त्यांच्या हातातून परत घेतले.

"ते सध्या कामवर शे," नाना म्हणाले.

बैठकीच्या खिडकीतून मागचे अंगण दिसत होते. तिथे अक्का खुरपीने मे फ्लॉवरच्या कुंडीतले गवत काढत होत्या. मेव्हण्यांची खुर्ची खिडकीकडे तोंड करून होती. नाना उठले आणि ऊन फार आहे असे म्हणत त्यांनी खिडकी लावून घेतली.