न फिटलेल्या नवसाचे रोडगे

वेदना माणसाला परमेश्वराच्या सन्निध नेते. माझ्या वेदनेनं मला आधी एका हाडांच्या डॉक्टरांच्या सन्निध नेलं, आणि त्यांचं दर्शन परमेश्वराच्या दर्शनाहून फारसं सोपं नव्हतं. बाहेर चपलांचा ढीग, आत गर्दी, भिंतींवर त्यांच्या सत्काराचे फोटो आणि दाराशी नंबर पुकारणारी, कपाळाला कायमची आठी असलेली एक बाई. आत गेल्यावर मात्र देवाचा आणि त्यांचा एक फरक लगेच ध्यानात आला. मूर्ती निदान समोर बघत असते.

डॉक्टरांनी माझा एक्स-रे उजेडासमोर धरला आणि ते त्याच्याशीच बोलू लागले. "हाडं उत्तम आहेत. काय करता तुम्ही?" मी सांगितलं, आर्वीला कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. "म्हणजे वाचन जास्त. वाचन जास्त म्हणून विचार जास्त." मी म्हटलं, दुखतं ते कमरेच्या खाली, डाव्या बाजूला, विचार तिथून करत नाही. ते हसले नाहीत. "ताई, तुम्हाला काहीही झालेलं नाही. मन रमवा," एवढं म्हणून त्यांनी घंटी वाजवली आणि पुढचा नंबर आत आला. मी अजून खुर्चीतून उठायच्या खटपटीतच होते. ती खटपट त्यांनी पाहिली असती, तर कदाचित हा अनुभव लिहायची वेळ आली नसती. पण ते तेव्हा हात धूत होते.

दुखणं तेव्हा काही वर्षांचं झालं होतं. सकाळी उठताना ते माझ्या आधी जागं असायचं. दुपारपर्यंत जरा निवळायचं आणि संध्याकाळी कुणीतरी कमरेत खुंटी ठोकून तिच्यावर ओली सतरंजी वाळत घातल्यासारखं जड व्हायचं. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. सूज नाही, पट्टा नाही, लंगडणं नाही. मी नीट साडी नेसून वेळेवर कामावर जात होते, आणि नीट साडी नेसलेल्या बाईच्या दुखण्यावर फारसं कुणी विश्वास ठेवत नाही.

मला खरी ओढ होती ती जमिनीवर बसण्याची. हे वाचून कुणाला हसू येईल. आमच्या ग्रंथालयात सगळ्यात खालच्या फळीवर प्रवासवर्णनं आहेत. पूर्वी दुपारी गर्दी ओसरली की मी दोन कपाटांच्या मधल्या फरशीवर मांडी घालून बसायची आणि एखादं पुस्तक अर्ध्यात उघडून वाचायची. खिडकीतून कापसाच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू यायचे, फरशी गार असायची. आता तिथवर खाली जाणं जमत नव्हतं, आणि गेलं तर वर येणं. हिमालयात जाऊन आलेल्यांचा मला कधी हेवा वाटला नाही. त्यांच्या पुस्तकांपर्यंत वाकता येणाऱ्यांचा मात्र फार वाटायचा.

संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावते. श्रद्धा किती आणि सवय किती, याचा हिशोब मी कधी केला नाही. सुरुवातीला मी नेहमीचंच मागत होते, की बरं कर. डॉक्टरांकडून आल्यावर मागणं बदललं. घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. माझे पती भले गृहस्थ आहेत. त्यांनी येताना पेढे आणले होते. त्या दिवसापासून मी कण्हले की ते मायेनं म्हणायचे, "अगं, डॉक्टर म्हणाले ना काही नाही म्हणून." माझं दुखणं असं कागदोपत्री संपलं आणि मी त्याच्यासोबत एकटी उरले. तेव्हा दिव्यापुढे हात जोडून मी म्हणू लागले, बरं नाही केलंस तरी चालेल. पण हे दुखतंय, एवढं एका माणसाला तरी पटू दे. देवाकडे याहून लहान मागणं मी कधी केलं नव्हतं, आणि इतकं कळवळून तर कधीच नाही.

आता शोभाताईंविषयी सांगायला हवं. या माझ्या थोरल्या नणंदबाई, आमच्याच गल्लीत राहतात. माझ्यावर त्यांचा जीव आहे आणि तो त्या मला न विचारता लावतात. त्यांनी माझ्या कमरेसाठी मारुतीला रोडगे बोलले होते, हे मला ठाऊकच नव्हतं. रोडगे म्हणजे कणकेचे तेल लावून वळलेले जाड गोळे. ते गोवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यांत भाजायचे, फोडून तूप घालायचं, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. आमच्याकडे नवस फिटला की सगळं गणगोत घेऊन देवाजवळ रानात हा स्वयंपाक करतात. तर पेढे खाऊन झाल्यावर शोभाताई म्हणाल्या, "वहिनी, आता उशीर नाई करायचा. देवानं त्याचं काम केलं."

"कोणतं काम?"

"वा. तुमची कंबर बरी झाली नं. डॉक्टरनं सांगतलं की नाई, काईच नाई म्हणून?"

त्यांच्या तर्कात चूक काढायला जागा नव्हती. तज्ज्ञ माणसानं रोग नाही म्हटलं होतं, तेव्हा रोग गेला होता, आणि गेला होता तर कुणीतरी घालवला होता. त्यांचा आनंद इतका निर्मळ होता की तो मोडायला माझं धाडस होईना. शनिवार ठरला.

तो मारुती गावाबाहेर नाल्याच्या काठी, एका मोठ्या कडुनिंबाखाली आहे. थंडीचे दिवस होते, आजूबाजूला तूर उभी होती. निंबाच्या पलीकडच्या बाजूला दुसऱ्याच कुणाचे रोडगे चालले होते. त्यांचाही धूर आमच्याकडे येत होता, आमचाही त्यांच्याकडे जात होता. बायकांनी गोल बसून कणीक तिंबायला घेतली. मलाही त्यांच्यात बसायचं होतं. मांडीला मांडी लावून, हाताला तेल लावून, कुणाच्या सुनेविषयी काहीबाही ऐकत. पण मी उत्सवमूर्ती असल्यानं मला काम करू दिलं नाही आणि बसता येत नसल्याचं कुणाला सांगावं लागलं नाही. मी झाडाला टेकून उभी राहिले आणि त्या गोलाकडे बघत राहिले.

अडचण पुढे होती. आमच्या सासरची रीत अशी, की ज्याच्यासाठी नवस बोलला त्यानं देवासमोर गुडघे टेकायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, 'मारुतीराया, मी बरी झाली, तुझे रोडगे घे.' मगच पहिला रोडगा फोडायचा. सकाळपासून मला धास्ती होती ती याचीच. डॉक्टर बोलले ते डॉक्टरांचं बोलणं होतं. पण हे मी स्वतःच्या तोंडानं, देवासमोर, गणगोतासमोर बोलले, की पुन्हा कधीच दुखतंय म्हणता येणार नव्हतं. म्हटलं तर देव खोटा, शोभाताई खोट्या, आणि मी सगळ्यात खोटी.

वेळ आली तेव्हा मी गेले. गुडघे टेकले. हात जोडले. मागे सगळे उभे होते. शेंदरातल्या त्या गोल डोळ्यांकडे बघून मी 'मारुतीराया' एवढं म्हटलं आणि कमरेत अशी कळ गेली की पुढचा शब्द आत राहिला. मी एक हात जमिनीला टेकला. मागे कुणीतरी कौतुकानं म्हणालं, "भरून आलं बिचारीले."

तेवढ्यात निंबाच्या पलीकडून एक म्हातारी आली. नऊवारी लुगडं, गालात तंबाखूची गुळणी. आमच्यापैकी कुणाच्याच ओळखीची नव्हती. ती म्हणाली, "वं बायांनो, मीठ द्या जरासक. आमचे पोट्टे मीठच इसरले." आणि मग तिची नजर माझ्यावर गेली. मीठ राहिलं बाजूला. ती येऊन माझ्या शेजारी मातीत बसली, बाजूला थुंकली, आणि म्हणाली, "उठू नको. दुखून राह्यलं नं?"

मी मान हलवली.

"कुठी दुखते?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, असं नाही. पण उत्तराची वाट कुणी पाहिली नव्हती. ती वाट पाहत बसली. मी हात मागे नेऊन जागा दाखवली. सकाळचं सांगितलं, संध्याकाळचं सांगितलं, फरशीवर बसता येत नाही हेही सांगितलं. ती मध्ये बोलली नाही, फक्त "हाव... हाव" करत राहिली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि या वेळी ते खरोखरच भरून आलं होतं.

मग ती मागे वळली. "इले त अजून दुखते वं. कायचे रोडगे करून राह्यल्या तुमी?"

शोभाताई म्हणाल्या, "आजी, डॉक्टरनं सांगतलं, काई नाई म्हणून."

"डॉक्टरची कंबर हाय का थे? इची हाय. इले इचारा."

आरात रोडगे भाजून तयार होते, आणि नवस तर फिटलाच नव्हता. अशा वेळी काय करायचं हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. एका भाच्यानं सुचवलं, की आगाऊ दिले असं धरावं. म्हातारीनंच निवाडा केला. "नवसाचे मंग करा, बरी झाली म्हंजे. आज देवाले असेच जेवू घाला. त्याले काय रोज कोणी करून देते?" मला एरंडाचं पान गरम करून बांधायला सांगून ती मीठ घेऊन गेली. ते पान मी पुढे बरेच दिवस बांधलं. त्यानं काहीही झालं नाही.

परत येताना गाडीत शोभाताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वहिनी, एवढं दुखते, त मले काऊन नाई सांगतलं?" मी सांगितलं होतं, पुष्कळदा. पण त्यांचा आवाज ऐकून मी एवढंच म्हटलं, "आता सांगितलं ना."

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे त्या सोबत आल्या. डॉक्टरांनी मन रमवण्याचा विषय काढला तसा त्यांनी पदर खोचला. "साहेब, वहिनीचं मन लई रमते. कंबरच तेवढी रमत नाई. तिले एकदा हात लावून पाहा, मंग सांगा." डॉक्टर चिडले की ओशाळले, मला सांगता येणार नाही. पण त्यांनी मला पहिल्यांदाच टेबलावर झोपायला सांगितलं, पाय वाकवून पाहिला, नेमक्या जागी दाबलं आणि मी ओरडले. मग त्यांनी चिठ्ठी देऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे कळलं, की कमरेच्या खालच्या सांध्यात जुनी सूज आहे आणि साध्या एक्स-रेत ती नेहमी दिसतेच असं नाही. आता गोळ्या आहेत, व्यायाम आहेत. दुखणं कमी झालंय, गेलेलं नाही. मारुतीचे नवसाचे रोडगे अजून बाकी आहेत.

शोभाताईंचं ठाम मत आहे, की ती म्हातारी म्हणजे साक्षात मारुती. मी वाद घालत नाही, फक्त तंबाखूपाशी अडते. पण मी एवढं जाणते, की मी जे मागितलं होतं तेच मला मिळालं, अगदी मोजून तेवढंच. बरं होणं मी सोडून दिलं होतं आणि एका माणसाला पटावं एवढंच मागितलं होतं. शरण जाणं म्हणजे दुःख देवाच्या पायाशी ठेवून मोकळ्या हातानं परतणं, असं मी वाचत आले होते. माझ्या बाबतीत ते वेगळं निघालं. दुखणं माझ्याकडेच राहिलं. ते खरं आहे हे सिद्ध करण्याचं ओझं मात्र त्या दिवशी मी खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं नाही. ज्यानं ते ठेवायला जागा दिली, त्याला मी रोज हात जोडते.

त्या म्हातारीला पुन्हा भेटावं, ही ओढ मात्र जात नव्हती. नाव विचारलं नव्हतं, गाव विचारलं नव्हतं. त्यानंतर कितीतरी शनिवारी मी त्या निंबाखाली जाऊन आले. कुणाचे तरी रोडगे चाललेले असायचे, धूर असायचा, ती नसायची. मीठ मागायला कुणी येतंय का, म्हणून मी उगाच पलीकडे बघत राहायची.

आणि या हिवाळ्यात ती भेटली. मी पुलगावला निघाले होते. आर्वीच्या डेपोत बस भरली आणि अगदी शेवटी ती चढली, माझ्या शेजारची जागा पाहून म्हणाली, "सरक जराशी, बाई." कसंबसं मी तिला त्या दिवसाची आठवण करून दिली. मारुती, निंब, तुम्ही मीठ मागायला आलात, माझी कंबर. तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं.

"मी असन," ती म्हणाली. "मीठ त आमी दरसाल इसरतो."

तिला काही आठवत नव्हतं. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण वाटलं नाही. बसताना तिनं पुढच्या सीटचा दांडा एका हातानं धरला होता आणि दुसरा हात मांडीवर दाबून हळूहळू अंग सोडलं होतं. ते बसणं माझ्या चांगल्याच ओळखीचं होतं. मी विचारलं, "आजी, कुठे दुखतं?"

तिनं सांगायला सुरुवात केली. गुडघ्यापासून निघाली, पाठीवर आली, बाळंतपणांवर गेली, मग पुन्हा गुडघ्यावर. मी मध्ये बोलले नाही, फक्त हो, हो करत राहिले. पुलगाव आलं तेव्हा ती खांद्यापर्यंत पोचली होती. तिला खरं तर वाटेतल्या रोहण्यालाच उतरायचं होतं.