चाळीस ओळींचं गुपित

जुन्या फॉन्टमधलं मराठी एका क्लिकमध्ये कुठल्याही फोनवर वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम मी दहिसरच्या घरी, एका रविवारी, जेवणाआधी लिहिला. आमच्या ऑनलाइन ग्रुपवर टाकताना मात्र सात महिने लागले म्हणून सांगितलं. असं गणित ट्रॉम्बेच्या अणुशास्त्रज्ञांनाही सुटलं नसतं, असंही वर ठोकून दिलं.

ग्रुपचा रिवाज असा की प्रोग्रॅमसोबत त्याचा सोर्स, म्हणजे आतला सगळा कोडही टाकायचा. चालवण्याआधी चार जण आत डोकावतात.

"सोर्स कुठाय रे?" वाकोल्याच्या एका मैत्रिणीने विचारलं. ती स्वतः प्रोग्रॅमर.

"अगं, सात हजार ओळी आहेत. डोळे जातील तुझे."

"माझे जाऊ देत. तू टाक ना."

"गुपित आहे, यार."

ओळी होत्या चाळीस, त्यातल्या निम्म्या इकडून-तिकडून चिकटवलेल्या. मला लाज वाटत होती, बाकी काही नाही.

शेवटी तिने माझ्या शब्दावर प्रोग्रॅम चालवला, तोही थेट वडिलांच्या गाण्यांच्या फोल्डरवर. भीमजयंतीला वस्तीत म्हणायची गाणी, त्यांनी एका बोटाने टाइप केलेली. दुसरी प्रत नव्हती. तासाभरात तिचा मेसेज आला: "प्रत्येक गाणं अर्ध्यातच तुटलंय."

"तुझा कॉम्प्युटर जुना असेल," मी लिहिलं. लिहून झाल्यावर सोर्स उघडला. अनोळखी अक्षर आलं की माझा प्रोग्रॅम तिथेच थांबत होता आणि झालं तेवढंच मूळ फाइलवर सेव्ह करत होता. उरलेलं गाणं कायमचं गायब.

रविवारी वाकोल्याला गेलो. तिच्या वडिलांसमोर पहिल्यांदा खरं बोललो, तेही अडखळत.

"लेका, भुकेला दिसतो तुझा प्रोग्रॅम," ते हसून म्हणाले. "बस, टाइप कर."

ते गात गेले, मी टाइप करत गेलो. एका गाण्याच्या तिसऱ्या कडव्यापाशी ते थांबले. पुन्हा पहिल्यापासून म्हणाले, पुन्हा तिथेच थांबले. मुलीकडे पाहिलं. तिलाही आठवेना.

"राहू दे तेवढं," ते म्हणाले.

मी तिथेच बसून चाळीसच्या चाळीस ओळी ग्रुपवर टाकल्या. चहा निवायच्या आत कुणीतरी लिहिलं: "एकतिसावी ओळ बघ. मूळ फाइलच पुसली जातेय."

तिने ते वाचलं आणि फोन माझ्यापुढे सरकवला. तिचे वडील मात्र अजून डोळे मिटून, ओठांतल्या ओठांत, तिसरं कडवं शोधत होते.