यंदा वाट कुठून

लिहिण्याचा मला काही अधिकार आहे असं वाटत नाही, म्हणून आधीच माफी मागतो. मी सतरा वर्षं फौजेच्या इंजिनिअर रेजिमेंटमध्ये काढली. तिथे रजेचे अर्ज आणि स्टोअरचे रिपोर्ट यापलीकडे काही लिहिलं नाही. आता अडतिसाव्या वर्षी कणकवलीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वर्गातली मुलं मला काका म्हणतात. त्यांच्यातले दोघे-तिघे सुट्टीत पर्यटकांना कयाकमधून फिरवतात. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "त्यांच्यासाठी लिहा. जे झालं ते लिहा." तेवढंच लिहितो.

सहा वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये आमच्या युनिटचा कयाकिंग कॅम्प तोंडवलीला लागला. मालवण तालुक्यातलं माझंच गाव. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे सुरूच्या झाडांची अरुंद पट्टी. आठ जवान, आठ कयाक, मोटरची एक रेस्क्यू बोट. कॅम्प कमांडर सुभेदार साहेब होते. मी नायक होतो, आणि गावचा म्हणून पाण्यावर लीडर.

पहिले पाच दिवस खाडीत गेले. 0530 ला फॉल-इन, 0600 ला पाण्यावर. वल्हं हाताने नाही, कंबर वळवून मारायचं. लाइफ जॅकेटचे पट्टे असे आवळायचे, की खांद्याला धरून कुणी वर उचललं तर जॅकेट एकटं वर येता कामा नये. पोहता येणाऱ्यानेही ते घालायचंच. आम्ही किनाऱ्यावरची माणसं इथे हटकून चुकतो. मीही पहिल्या दिवशी पट्टे सैल सोडले होते.

ते पकडलं लान्स नायक दत्ताने. दत्ता दुष्काळी जत तालुक्यातला. भरती होईपर्यंत त्याने विहिरीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं. पोहायला आणि वल्हवायला त्याला मीच शिकवलं होतं. तो मला मालवण म्हणायचा, मी त्याला जत.

"ए मालवण, पट्टे आवळ. समुद्र काय तुझा सासरा आहे, सांभाळून घ्यायला?"

"आणि तू रे? गावात टँकरमध्ये कयाक चालवणार?"

"चालवणार. तू झेंडी दाखवायला ये."

प्रत्येकाच्या कयाकची नाडी तपासायचं कामही त्याने आपणहून घेतलं होतं. कयाकमध्ये बसल्यावर कंबरेभोवती स्प्रे स्कर्ट असतो, म्हणजे एक रबरी घेर. तो बैठकीच्या कडेला घट्ट बसतो आणि पाणी आत येऊ देत नाही. त्याला पुढे एक नाडी असते. कयाक उलटली की नाडी ओढायची, घेर सुटतो, माणूस बाहेर येतो. नाडी आत दबून राहिली, तर पाण्याखाली उलटं लटकताना ती सापडत नाही. रोज सकाळी दत्ता रांगेतून फिरायचा. "नाडी बाहेर?" प्रत्येकाने मोठ्याने "बाहेर!" म्हणायचं. त्याशिवाय तो कयाक ढकलू देत नसे.

सहाव्या दिवशी खाडीच्या तोंडातून समुद्रात जायचं होतं. आदल्या संध्याकाळी बाबा कॅम्पवर बांगडे घेऊन आले. बाबा आयुष्यभर मासेमारी करत आलेले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "यंदा तोंडातली वाळू सरकली हा. इचारल्याशिवाय भायर जाव नको. उद्या माका सांग, मी येतंय."

मी हो म्हटलं. सांगितलं मात्र नाही. युनिटसमोर बाप बोट धरून न्यायला येणार, याची मला लाज वाटली.

आमच्याकडे नारळीपौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की जाणती माणसं खाडीच्या तोंडात वाळू चाचपतात. खोल पाण्याची वाट सापडली की तिच्या कडेला एक बांबू रोवतात. त्याला लाल कापड बांधतात. त्या वर्षी सगळ्या होड्या त्या बांबूला लागून बाहेर पडतात. मात्र गेल्या वर्षीचा बांबू कुणी उपटत नाही. समुद्राला दिलेली वस्तू माणसाने परत काढायची नसते, तोच नेईल तेव्हा नेईल. म्हणून कधी कधी तोंडात दोन बांबू दिसतात. लहानपणापासून मला हे माहीत होतं. पण नोकरीत माझी रजा नेहमी मे महिन्यात असायची. नारळीपौर्णिमेनंतरचं तोंड मी चौदा वर्षांत पाहिलं नव्हतं.

0625 ला आम्ही निघालो. ओहोटी लागली होती. सुभेदार साहेब रेस्क्यू बोटीत मागे होते. त्यांनी वॉकीटॉकीवर विचारलं, "लीडर, रस्ता पक्का? ओव्हर."

"पक्का, साहेब. मी इथलाच आहे. ओव्हर."

पुढे एक बांबू दिसला. कापड नव्हतं. वाऱ्याने कापड उडून जातं, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. दत्ता माझ्या मागेच होता.

"मालवण, तिकडं उजवीकडं अजून एक काठी आहे. लाल फडकं आहे तिला."

"जाळ्याची खूण असेल. ये मागून."

तो आला.

0640 ला मी वाळूच्या उथळ पट्टीवर पोहोचलो. तिथे बाहेर धावणारं ओहोटीचं पाणी आणि आत येणारी लाट एकमेकांवर आदळत होती. दुरून तो नुसता पांढरा फेस दिसतो. दुसऱ्याच लाटेने माझी कयाक आडवी करून उलटवली. मी नाडी ओढून बाहेर आलो. वर आलो तेव्हा दत्ताने शिट्टी वाजवून मागच्या सहा जणांना थांबवलं होतं. तोही तिथून वळू शकला असता. तो वळला नाही. कयाक माझ्याजवळ आणून त्याने माझी कयाक सरळ केली, स्वतःच्या कयाकला टेकवून धरली. "चढ. लवकर." मी चढलो. "नाडी बाहेर काढ," तो म्हणाला. मी मान खाली घालून नाडी काढत होतो तेव्हा पुढची लाट आली. तिने त्याला उचलून डोक्यावर वाळूत आपटलं.

त्याची नाडी बाहेरच होती. ओढायला हातात जोर उरला नव्हता. मी पाण्यात उडी टाकून ती ओढली, रेस्क्यू बोटीने आम्हाला उचललं.

"बेस, बेस. एक कॅज्युअल्टी. मानेला मार. ॲम्ब्युलन्स किनाऱ्यावर पाठवा." सुभेदार साहेबांचा आवाज हलला नाही. 0710 ला आम्ही मालवणच्या रस्त्याला लागलो. दत्ता शुद्धीवर होता. "पाय कुठं गेले रे माझे?" त्याने विचारलं. मी त्याचे दोन्ही पाय हातात धरून बसलो होतो. त्याला ते कळत नव्हतं.

तो पुन्हा उभा राहिला नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी खरं सांगितलं. बांबू दोन होते, दुसरा दत्ताने मला दाखवला होता, चूक माझी. दत्ताचा जबाब हॉस्पिटलमध्ये घेतला गेला. त्यात होतं, लीडरने योग्य वाट घेतली, लाट अचानक आली. दोन्ही कागद एकाच फाईलमध्ये लागले. मला शिक्षा झाली, ती योग्यच होती. पण तो जबाब वाचल्यानंतर दत्तासमोर जायचं धाडस मला झालं नाही. एकदा हॉस्पिटलच्या गेटपर्यंत जाऊन परत आलो. नोकरी संपली, गावी आलो, तरी त्याला फोन केला नाही. माफी कुठल्या शब्दांत मागायची, ते जुळत नव्हतं. कॉलेजात नाव घातलं त्यामागे हेही एक कारण होतं.

दत्ता मात्र फोन करायचा. मला नाही, बाबांना. दर वर्षी नारळीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. दत्ताचा भाऊ त्याच्या कानाला फोन लावून धरायचा. दत्ता विचारायचा, "बाबा, यंदा वाट कुठून?" बाबा नव्या बांबूची जागा नीट सांगायचे. मग मला म्हणायचे, "दत्ताचो फोन इल्लो. तुका इचारी होतो." मी वही उघडून बसायचो.

मुलांनो, नाडी बाहेर ठेवा, पट्टे आवळा. ओहोटीला खाडीच्या तोंडात शिरू नका. गाव तुमचं असलं तरी यंदाची वाट यंदा विचारा. एवढंच मला शिकवता येतं.

यंदा नारळीपौर्णिमा झाली. दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी बाबांनी आपला फोन माझ्यापुढे ठेवला. "तूच लाव. किती वर्सां लपतलंस?"

मी लावला. पलीकडे उचलल्याबरोबर, धीर सुटायच्या आत मी बोलून टाकलं, "जत, मी मालवण. यंदा वाट उत्तरेकडून आहे. बांबू खडकाच्या बाजूला रोवलाय. माझं चुकलं रे."

मग त्याच्या भावाचा आवाज आला.

"दादा आषाढात गेला. बाबांना सांगायला धीर झाला नाही, आणि तुमचा नंबर आमच्याकडं नव्हता."