बंद गाळ्यातली खंडेनवमी

लोखंड दिसलं की आवडाबाईला हळद-कुंकू आठवतं. खंडेनवमीला तर तिच्या तावडीतून काही सुटत नाही. मुलाचा लॅपटॉप, शेजारच्याचा जेसीबी, गेटवरचा कॅमेरा, सगळ्यांना बोट टेकवल्याशिवाय तिच्या तोंडात घास जात नाही. एका वर्षी तिनं लॅपटॉपला नेमकं अशा जागी कुंकू लावलं की तो चार्जच होईना. मुलगा विश्वजीत जाम कावला. "उपाशी ठुलास म्हून रुसला असंल," असं म्हणून तिनं वर त्याच्यापुढं साखर ठेवली.

हसायला सोपं आहे. पण ही खोड तिला कुठून लागली हे कळलं की हसू आवरतं. लग्न होऊन ती करमाडला आली तेव्हा घरची औतं ओसरीत मावत नसत. खंडेनवमीला नांगर, वखर, तिफण धुऊन ओळीनं मांडायची आणि पूजा मात्र सासूच्या हातची. आवडाबाईनं नुसतं ताट धरायचं. पुढं सासू गेली, ताट हिच्या हाती आलं, आणि नेमकी तेव्हाच जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली. औतं भंगारात निघाली. बाईच्या वाट्याला पूजा आली तर पुजायला घरात विळ्याशिवाय काही उरलं नव्हतं.

जालना रोडच्या कडेला जो तुकडा राहिला, त्यावर नवऱ्यानं, बद्रीनाथनं, पत्र्याचे गाळे बांधले आणि भाड्यानं दिले. कुणी वेल्डिंग करतो, कुणी टायर विकतो. पहिल्याच खंडेनवमीला ही ताट घेऊन सरळ गाळ्यांत शिरली आणि परक्यांच्या मशिनींना हळद-कुंकू लावून आली. तेव्हापासून मावशी येऊन गेल्याशिवाय त्या दिवशी कुणी बटण दाबत नाही. मला विचाराल तर त्या बाईनं आपली मोडलेली ओसरी अशी पुन्हा मांडून घेतली.

फक्त शेवटचा गाळा राहायचा. तो काकासाहेब नावाच्या माणसाचा. मोटरींचे पार्ट ठेवायचेत म्हणाला होता. बोलायला गोड, आणि पिठलं मागून मागून खाणारा. मागून खाणाऱ्यावर आवडाबाईचा लगेच जीव जडतो. बद्रीनाथनं त्याच्याशी कागद केला नाही. एकदा जबान दिली-घेतली की कागद मागायची त्याला लाज वाटते, आणि यावरून बापलेकांचं दर सणाला वाजतं. "पाणी गळलं तर बघा, मावशी," म्हणून काकासाहेबानं एक किल्ली हिच्याकडे ठेवली, आणि मग तो जो गेला तो गेलाच. फोनही बंद. बद्रीनाथ म्हणायचा, "कुलूप त्याचं हाय. आपुन हात लावायचा नाय."

यंदा खंडेनवमीच्या सकाळी बद्रीनाथ दाढी करायला गावात गेला आणि आवडाबाईचा जीव राहीना. काकासाहेबाच्या, त्या लेकराच्या, मशिनींना किती वर्षांत बोट लागलं नव्हतं! तिनं किल्ली काढली, कण्हत कुथत शटर वर केलं.

आत ताडपत्रीखाली हिरव्या रंगाच्या लाकडी पेट्या होत्या. दोघींची झाकणं सैल होती. एकीत तेलकट कागदात गुंडाळलेल्या लांब लांब लोखंडी वस्तू, आणि दुसरीत डाळिंबाएवढे गोळे, प्रत्येकाला एक कडी. कसले पार्ट असतील ते असोत, आवडाबाईला त्यांची दया आली. तिनं पदरानं धूळ पुसली. एकेकाला हळद लावली, कुंकू लावलं, एकेक झेंडू ठेवला. नारळ हातात घेतला, पेटीच्या कडेवर फोडावा म्हणून उचललासुद्धा. मग लाकूड खराब होईल म्हणून बाहेर पायरीवर जाऊन फोडला. देवाला त्या दिवशी दुसरं काही काम नसावं.

आईला जेवायला बोलवायला विश्वजीत आला. तो सणासाठी गारखेड्याहून बायकोला, मोनिकाला, घेऊन आला होता. कॉलेजात तो एनसीसीत होता. त्यानं पेटीत पाहिलं आणि तो दोन पावलं मागं सरला.

"आई, हळू बाहेर ये. कशालाबी हात लावू नको."

"काहून? परसाद ठेवायचा ऱ्हायलाय."

"आई, ही फौजेची हत्यारं हायेत. बंदुका. ते बाँब हायेत."

आवडाबाई बाहेर आली आणि पायरीवर, नारळाच्या पाण्यातच बसली.

बद्रीनाथ आला तोवर मोनिकानं सगळ्या गाळेवाल्यांना रस्त्यापलीकडे घालवलं होतं. विश्वजीत बापाला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, भाड्याचा कागद नाय. जागा तुमची. पैल्यांदा तुमालाच उचलतील. मी ते हळद-कुंकू पुसून येतो, शटर पाडू. इतके दिस कुणाला कळलं नाय, फुडं बी कळायचं नाय." बापाच्या छातीत मागच्याच वर्षी नळी बसवली होती, आणि त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात तो आठवडाभर झोपला होता. चोरासारखं बोलत होता, पण पोटात माया होती.

बद्रीनाथनं शेवटच्या गाळ्याकडे बोट केलं.

"उद्या तिथं एखादं लेकरू खेळाया गेलं तर?" तो म्हणाला. "लाव फोन. म्या सांगतो."

पोलीस आले. रस्ता अडवला, बाँबवाली गाडी आली, गाळ्याभोवती पट्टी बांधली. त्यांच्या जीपलाही झेंडूचा हार होता. ठाण्यातल्या शस्त्रांची पूजा आटपूनच ती माणसं आली होती. प्रेरणा नावाची तरणी फौजदारीण साऱ्यांसमोर उभी राहिली.

"पेट्या उघडून आतल्या वस्तूंना ताजं हळद-कुंकू लावलंय. आत कोण गेलं होतं?"

एवढ्यात बद्रीनाथ पुढं झाला.

"म्या गेलतो. पूजा बी म्याच केली. घरच्यांला कायबी म्हाईत नाय."

आवडाबाई बघतच राहिली. ज्या माणसानं जन्मात कधी निरांजन लावलं नाही, बायकोला चारचौघांत नावानं हाक मारली नाही, तो तिच्यासाठी पोलिसांपुढं छाती काढून उभा होता. तीही तसली छाती.

फौजदारीण त्याच्या कोऱ्या बोटांकडे बघत होती. "असं का? सांगा बरं, काका, पूजा कशी केलीत? आधी काय लावलंत?"

"कुंकू."

"आणि मग?"

"मंग... हळद."

मागं उभ्या बाई-पोलिसानं तोंडाला हात लावला.

"अवो, हळद आधी असतीया!" आवडाबाई ओरडली. आणि दोन्ही हात पुढं केले. नखांत पिवळं, बोटावर लाल. "म्या लावलं, बाई. मला वाटलं, मशिनी हायेत. ह्येंचं काय ऐकू नका. ह्येंला छातीचा तरास हाय."

प्रेरणानं नजर दुसरीकडे वळवली. पुन्हा बोलली तेव्हा तिचा आवाज तेवढा कडक राहिला नव्हता. "फोन तुम्हीच केलात हे मी लिहीन. पण जबाब द्यावा लागेल. दोघांनाही. आणि काका, आता खोटं बोलू नका, तुम्हाला जमत नाही."

संध्याकाळी दोघांना घरी सोडलं. काकासाहेबाचा शोध लागायचा तो पुढं लागेल. पण ठाण्याला जायला जीपमध्ये बसले तेव्हा संध्याकाळी आपण सुटू हे दोघांनाही माहीत नव्हतं. परत कधी येऊ, येऊ की नाही, काहीच नाही. विश्वजीतनं खिडकीतून बापाच्या गोळ्या आत दिल्या, त्या आवडाबाईनं कनवटीला खोचल्या.

गाडी हलली तसा बद्रीनाथ दबक्या आवाजात कडाडला, "एक घडीभर गप बसाया झालं नाय तुला? म्या समदं निस्तरलं व्हतं. हळद आधी का कुंकू आधी, ह्येच्यापायी ठाण्याला निघालीस!"

आवडाबाईनं त्याच्याकडे बघितलंही नाही. लोकांच्या मशिनींवरचं बोटभर वाकडं कुंकू खपवून न घेणारी बाई ती.

"हळदीचं मेलं काय घेऊन बसलाव," ती म्हणाली. "तुमी एकलेच निघाले व्हते."