तेलाचा डबा न उघडणारे चुरीसाहेब

हरिश्चंद्र चुरीसाहेबांची आणि माझी पहिली भेट कळव्याच्या एका कारखान्याच्या फाटकात झाली, आणि तेव्हा ते भयंकर संतापलेले होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अवजड यंत्रं एका जागेवरून दुसरीकडे हलवणाऱ्या ठाण्यातल्या एका कंपनीत मी नुकतीच ड्रॉइंग काढायला लागले होते. साहेब तिथले इंजिनिअर. यंत्र ओढण्यासाठी गड्यांनी साखळी सरळ एका करंजाला बांधली होती आणि झाडाची साल सोलून निघत होती. "अरे, झाड आहे ते, खुंटा नव्हे!" साहेब कडाडले. जमिनीत पहारी ठोकून साखळी तिकडे बांधेपर्यंत त्यांनी कुणाला यंत्राला हात लावू दिला नाही. मनात म्हटलं, बाई गं, हे प्रकरण आपल्याला काही झेपायचं नाही.

झेपलं, ते त्यांच्या मायेमुळे. माझी मुलगी जन्मली तेव्हा नोकरी गेली असंच मी धरून चालले होते. कंपनीच्या मालकांना, शेठना, न विचारता साहेबांनी ड्रॉइंगबोर्ड टेम्पोत घालून कोपरला माझ्या घरी आणला, स्वतः जिने चढवला आणि धापा टाकत म्हणाले, "मुलगी झोपली की रेघा मारा. घाई नाही." घाई अर्थातच होती. साहेबांच्या कामाला घाई नाही असं आजवर कधी झालेलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते खाडीचं. त्या काळी यंत्र सरकवायचं म्हणजे जमिनीवर रुळांखाली असतात तसे लाकडी स्लीपर मांडायचे, त्यांवर गाड्यांचं जळकं ऑइल ओतायचं आणि पहारींनी रेटायचं. सगळेच तसं करत. ते ऑइल पुढे कुठे जातं, हे विचारायची पद्धतच नव्हती. एका सकाळी पारूबाई कोळीण ऑफिसात आल्या आणि त्यांनी कोलंबीची पाटी थेट शेठच्या टेबलावर ठेवली. रॉकेलसारखा भपकारा आला.

"तुमचा तेल आमचे खारीन उतरतंय," त्या म्हणाल्या. "ही कोलबी कोन घेनार? माजी पोरा काय खातील?"

"हिच्या हातावर काहीतरी ठेवा नि वाटेला लावा," शेठ म्हणाले. पारूबाई जागच्या हलल्या नाहीत. तेव्हा साहेब उठून उभे राहिले. "मावशी, पुढच्या कामाला तेलाचा डबा उघडणार नाही. माझा शब्द."

पुढचं काम होतं खाडीकाठच्या कारखान्यात पत्रे दाबायचा एक अजस्र प्रेस बसवण्याचं. "ठरल्या दिवशी प्रेस जागेवर बसला नाही, तर तुम्ही घरी बसा," असं शेठनी सगळ्यांदेखत बजावलं. साहेबांचं डोंबिवलीतलं घर भाड्याचं, दोन मुलं शाळेत. शब्द पाळायचा तर नोकरी पणाला लागत होती.

साहेब मूळचे वसईकडचे. घरची केळीची वाडी. घड उतरवल्यावर टाकून दिलेल्या खांबांवरून ते लहानपणी घसरगुंडी खेळत. तेच त्यांना आठवलं. भावाकडून ट्रकभर खांब आले. आमचे मुकादम बाबूराव यांनी ते शेजारच्या तबेल्याच्या कुंपणाला टेकवून ठेवले आणि सगळे जेवायला गेले. परत येऊन बघतो तर काय, म्हशींनी आमचा शोध मटकावलेला! बाबूरावांचं तोंड एवढंसं झालं. साहेब मात्र पोट धरधरून हसले. "निदान विषारी नाही, हे तर कळलं!"

दुसरा ट्रक यायला दिवस गेला. खांब उभे चिरून, ओली बाजू वर करून स्लीपरवर मांडले. प्रेस ढिम्म हलेना. शेठ हाताची घडी घालून बघत होते. बाबूराव हळूच म्हणाले, "साहेब, एकच डबा मारतो. कोनाला कळतंय?"

"आणि पारूबाईंना तोंड दाखवायला तू जाशील?"

साहेबांनी बूट काढले, कोयता घेतला आणि सुकत चाललेले वरचे थर स्वतः सोलायला बसले. आतला गाभा बुळबुळीत, पाणी सुटलेला. मग पहार धरली. "हां, लावा जोर!" प्रेस असा काही सरकला की आम्ही सगळेच आनंदाने ओरडलो. केळीच्या चिकाने साहेबांचा सदरा कायमचा डागाळला. खाडीत तेलाचा थेंब उतरला नाही.

प्रेस बसला, पण एक दिवस उशिरा. शेठनी बोललेलं खरं केलं. साहेबांना घरी बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले तर दारात चपलांचा ढीग. बाबूराव आणि अख्खी टोळी नोकरी सोडून आलेली. "साहेब, काम कुठंय ते सांगा," बाबूराव म्हणाले. "तेलाचं बोलनार नाय." साहेबांचा स्वतःचा व्यवसाय उभा राहिला तो असा. पुढे आंबिवलीपासून ठाण्यापर्यंत आम्ही कितीतरी यंत्रं हलवली. वाटेत झाड आडवं आलं तर साहेब मला नवा रस्ता काढायला लावत. वैताग यायचा, खोटं कशाला बोलू! पण घरी जाताना बरं वाटायचं.

साहेब, आज तुमची पंचाहत्तरी. त्या सकाळी आम्ही तुमच्या घरी जमलो तेव्हा तुमचे डोळे भरलेले होते. "झोप झाली नाही," म्हणालात, आणि आम्ही मान डोलावली. पण आम्हाला तेव्हाच कळलं होतं. खूप जगा, धडधाकट राहा. तुमच्या दारात आलेल्यांपैकी एकालाही आजवर परत जावंसं वाटलेलं नाही.