जांभळी मासोळी आणि स्पिरिटचा बोळा

जुनी खेळणी जमवणाऱ्यांकडे खेळणी कमी आणि किस्से जास्त! खेळणी फुटतात, हरवतात, नकली निघतात. किस्से मात्र वाढतच जातात. आणि खरं सांगू? आमच्या प्रत्येक किश्शात कुणीतरी घाबरलेलं असतंच.

आम्ही चौघं. पूर्वी टूथपेस्टच्या खोक्यात अंगठ्याएवढा प्लॅस्टिकचा प्राणी फुकट यायचा, ते प्राणी आम्ही जमवतो. नेहमीच्या रंगाला कुणी विचारत नाही. कारखान्यातून चुकून वेगळ्याच रंगात निघालेला एखादा नग असतो, त्याच्यासाठी आमचा जीव टांगणीला! आणि नेमका त्यातच नकली माल फार.

*

आमच्यातले वकीलसाहेब अमरावतीचे. उन्हानं प्राण्यांचा रंग उडेल या धास्तीनं त्यांनी हॉलच्या खिडक्याच बंद करून टाकल्या. मे महिन्यात, अमरावतीत! खिडकीतला कूलरही काढला.

वहिनी पाणी देताना म्हणाल्या, “माणसं उकडली तरी चालते भाऊ, यायचा उंट फिक्का नाई पडला पायजे!”

*

असली-नकलीचा निकाल देतात नाना. अकोल्याला जठारपेठेत राहतात, केमिस्ट्रीचे रिटायर्ड मास्तर. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून प्राण्यावर घासायचा. बोळा पांढरा राहिला तर रंग मुळातला. बोळ्याला रंग लागला तर समजायचं, पांढऱ्या प्राण्याला कुणीतरी मागाहून रंगवलंय.

वकीलसाहेबांनी एकदा निळा घोडा नेला. खुनाच्या केसमध्ये न डगमगणारा माणूस, पण बोळा फिरायला लागल्यावर खुर्चीचा हात घट्ट धरून बसला. बोळा निळाशार!

नाना चष्म्यावरून बघत म्हणाले, “वकीलसाहेब, घोडा पांढरा निंगाला. पण तुमी त्याच्याहून पांढरे पडून राहिले!”

आम्ही खूप हसलो. घरी येताना मात्र जो तो आपापल्या कपाटाचा विचार करत होता.

*

अंजनगाव सुर्जीला विनूभाऊंचं कृषी केंद्र आहे. धारणीच्या एका जुन्या दुकानात माल पडून आहे असं कळलं, म्हणून ते आणि मी गेलो. डबाभर प्राणी मिळाले. परतताना घाटात जीप एकदम दरीकडे कलली. सगळ्यांनी दांडा धरला. विनूभाऊंनी दोन्ही हातांनी डबा!

“भाऊ, दांडा धरा ना!” मी ओरडलो.

“मी पडलो तं लोकं उचलतीन,” ते म्हणाले. “हे दरीत पडले तं कोन शोधन?”

*

आता माझा गुन्हा. नकली माल ओळखता यावा म्हणून मी एक पांढरी मासोळी कपड्याच्या रंगात उकळली. झकास जांभळी झाली! शेपटीला टवका होता, माझ्या मुलीच्या दातांचा. नकली ती नकली, म्हणून मी ती रद्दीच्या खोक्यात टाकली, आणि बायकोनं ते खोकं भंगारवाल्याला देऊन टाकलं.

दोन वर्षांनी विनूभाऊंचा व्हिडिओ कॉल. “जांभळी मासोळी भेटली! लाल प्राण्यायचा पुरा संच देऊन आनली!”

तो संच त्यांनी वीस वर्षं एकेक प्राणी शोधून जमवला होता. त्यांनी मासोळी उलटसुलट करून दाखवली. शेपटीला टवका! माझ्याच मुलीच्या दातांचा! खरं सांगावं तर मित्र जाणार, आणि न सांगावं तर नानांचा बोळा आहेच. मी फक्त “मस्त आहे” म्हणालो.

*

रविवारी आम्ही सगळे नानांकडे जमलो. नानांनी बोळा भिजवला. विनूभाऊ डोळे मिटून बसले, ओठ हलत होते. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. नानांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे बघितलं.

नाना घासत राहिले. मी त्यांच्या अगदी शेजारी होतो, मला बोळा दिसत होता. जांभळा. नानांनी सावकाश मूठ मिटली.

“असली हाय, विनूभाऊ. सांभाळा!”

विनूभाऊ तर नानांच्या पायाच पडले. वकीलसाहेब पेढे आणायला पळाले. नाना हात धुवायला आत गेले आणि मी त्यांच्या मागोमाग, सगळं कबूल करायचं ठरवून. नळाखाली त्यांच्या तळहातावरून जांभळं पाणी वाहत होतं.

नाना वळले नाहीत. हळूच म्हणाले, “पुढच्या खेपेले उकळत्या पाण्यात लिंबू पिळत जाय. मंग रंग नाई सुटत.”